तुम्ही विचारलंत म्हणून: एक ड्रिल मशीन घेऊन का टाकत नाही?

भिंतीवर नवे कपाट दिसले की पाहुण्यांचा प्रश्न ठरलेला असतो: ‘‘सगळे स्वतः करता, मग दर वेळी वसाहतीच्या अवजारघरातून ड्रिल मशीन कशाला आणता? एक घेऊन टाका की!’’ तुम्हीही तेच विचारलेत, म्हणून सविस्तर लिहितो.

पैसे वाचतात हे खरे, पण माझे मुख्य कारण ते नाही. वर्षाकाठी चार भोके पाडायची म्हटल्यावर माणूस स्वस्तातले, हलके मशीन घेतो. विटेच्या भिंतीत ते चालते, पण आरसीसीचा बीम लागला की अडते. कारण साध्या हॅमर ड्रिलमध्ये दातेरी चकत्या एकमेकींवर घासून हलके ठोके देतात, तर रोटरी हॅमर या दणकट मशीनमधला दट्ट्या हवेच्या दाबाने बिटवर, म्हणजे भोक पाडणाऱ्या सळईवर, घाव घालतो. असे मशीन एकट्याने घेणे पटत नाही. साऱ्या वसाहतीने वर्गणी काढली की ते सहज येते.

शिवाय सोलापूरच्या उन्हाळ्यात, पत्र्याखालच्या माळ्यावर पडून राहिलेल्या मशीनचे ग्रीस सुकते आणि वायरीचे रबर कडक होते. आमची अवजारे यंत्रमाग कारखान्यातून निवृत्त झालेले एक फिटर सांभाळतात. परत आलेले मशीन ते आधी रिकामे फिरवून कान देऊन ऐकतात. ठिणग्या जास्त दिसल्या तर मोटरच्या फिरत्या भागाला वीज पोचवणारे दोन कार्बन ब्रश काढून पाहतात, एक जरी झिजला असेल तर दोन्ही बदलतात आणि मगच वहीत ‘जमा’ लिहितात. मशीन देताना ‘‘भोक कुठे पाडणार?’’ हे ते हटकून विचारतात, कारण स्विचबोर्डाच्या सरळ वर-खाली भिंतीत वायर असण्याची शक्यता असते. ही विचारपूस मला मशीनइतकीच मोलाची वाटते.

कॅलिफोर्नियातील बर्कलीच्या सार्वजनिक ग्रंथालयातून १९७९पासून अवजारेही घरी नेता येतात. आपल्याकडेही लग्नकार्याला मंडळाची पातेली आणि सतरंज्या आणण्यात कोणी कमीपणा मानत नाही. मग ड्रिल मशीनचाच संकोच का?

सगळेच मागून आणावे असे मात्र मी म्हणणार नाही. पक्कड, टेस्टर आणि पाइप पाना घरात हवेच. काही दिवसांआड पाणी येणाऱ्या या शहरात रात्री टाकीचा कॉक गळू लागला, तर सकाळपर्यंत थांबता येत नाही. खरी ओढाताण होते ती उंच शिडीची, कारण दिवाळीच्या तोंडावर ती सगळ्यांनाच हवी असते. मी दसऱ्याच्या आधीच वहीत नाव लिहून ठेवतो आणि रंगाऱ्याला तीच तारीख देतो.