स्किझोफ्रेनिया आणि संवादाचा उपचार

स्किझोफ्रेनिया हा गंभीर मानसिक आजार झालेल्या माणसाशी बोलून काय उपयोग, असे आजही सर्रास म्हटले जाते, याचे मला फार वाईट वाटते. अमेरिकी मनोविकारतज्ज्ञ आरन बेक यांनी १९५२ मध्येच, आपल्यावर पाळत ठेवली जाते असा पक्का भ्रम असलेल्या एका रुग्णावर संवादातून केलेल्या यशस्वी उपचाराची नोंद प्रसिद्ध केली होती.

संवादाच्या या पद्धतीला आज ‘कॉग्निटिव्ह बिहेवियरल थेरपी’ (सीबीटी) म्हणतात; तीत थेरपिस्ट, म्हणजे उपचार करणारा तज्ज्ञ, रुग्णाला खोटे पाडत नाही. रुग्णाला ऐकू येणारा, पण प्रत्यक्षात नसलेला आवाज केव्हा वाढतो, त्याचे ऐकले नाही तर खरोखर काय होते, हे तो शांतपणे विचारतो. ‘बाहेर पडलास तर घात होईल’ असे आवाज बजावत असेल, तर दोघे मिळून आधी फाटकापर्यंत, मग कोपऱ्यावरच्या वाण्याकडे जाण्याचे ठरवतात आणि घडले ते वहीत उतरवतात. आवाज कदाचित राहतो, पण त्याचा धाक ओसरू लागतो, आणि माझ्या मते हीदेखील सुधारणाच आहे.

औषधे अर्थातच परस्पर बंद करू नयेत. आरोग्य उपचारांबाबत शिफारशी करणाऱ्या ब्रिटनमधील ‘नाइस’ या संस्थेच्या मार्गदर्शक सूचना औषधांच्या जोडीला अशी किमान १६ सत्रे सुचवतात. आपल्या डॉक्टरांकडे नातेवाइकांनी या उपचाराची चौकशी आवर्जून करावी.