कच्चं की चुकीचं: अपूर्ण स्ट्रॅटेजी गेमसोबतचे ४१ तास

४१ तास झाले, ६ मोहिमा झाल्या. चार हरले, एक जिंकले, एक मधेच सोडली. गेम टर्न-बेस्ड आहे, म्हणजे आळीपाळीने एकेक पाळी (टर्न) खेळायचा. षटकोनी घरांचा नकाशा, डोंगरातली एक वस्ती, तीन शेजारी. हिवाळ्याआधी कोठार भरायचं आणि हिवाळाभर ते पुरवायचं, यावर सगळा खेळ उभा आहे. नाव मुद्दाम देत नाही. अर्ली ॲक्सेसमधली, म्हणजे पूर्ण होण्याआधीच विक्रीला आलेल्या गेमची, बिल्ड (त्या वेळची आवृत्ती) सारखी बदलत असते, आणि आजच्या बिल्डवरचं माझं मत त्या नावाला पुढे वर्षभर चिकटून राहावं असं मला वाटत नाही. पारख कशी केली, कुठे फसले आणि आता मत कुठवर आलंय, एवढंच इथे मांडते.

पहिले दोन तास

स्टीमवर (गेमच्या ऑनलाइन दुकानात) रिफंड हवा असेल तर खरेदीपासून १४ दिवसांच्या आत आणि २ तासांपेक्षा कमी खेळून मागावा लागतो. अर्ली ॲक्सेसच्या गेमलाही हाच नियम. शूटिंगच्या गेमचा अंदाज दोन तासांत येतो. स्ट्रॅटेजीत मात्र तेवढ्या वेळात जेमतेम पहिला हिवाळा दिसतो. म्हणून या दोन तासांत मी ट्यूटोरियलच्या मागे लागत नाही. एक मोहीम भराभर ३० टर्नपर्यंत खेळते. मग तोच सीड (नकाशा ठरवणारा आकडा) टाकून तोच नकाशा पुन्हा उघडते आणि पहिला मोठा निर्णय नेमका उलटा घेते. तिसाव्या टर्नला दोन्ही वस्त्या शेजारी शेजारी ठेवून बघते.

दोन्ही वाटा फिरून एकाच जागी पोहोचल्या, तर त्या निर्णयात दम नव्हता. एक वाट सरळ सरळ सरस निघाली, तर तो निर्णय नव्हे, फक्त बरोबर उत्तर शोधायचं होतं. सिव्हिलायझेशन या गेमचा कर्ता सिड मायर म्हणतो की गेम म्हणजे रंजक निर्णयांची मालिका. मी त्यात स्वतःपुरतं एक कलम जोडलंय: दोन्ही वाटांनी अडचण यावी, पण वेगळी यावी.

इथे तसंच झालं. पहिल्यांदा टेहळे आधी पाठवले, कोठार नंतर बांधलं. तिसाव्या टर्नला दोन्ही खिंडी माहीत होत्या, पण वस्तीत १४ माणसं आणि तीही अर्धपोटी. दुसऱ्यांदा कोठार आधी बांधलं. २२ माणसं, पोटभर खाणारी, पण जवळची खिंड शेजाऱ्याने केव्हाच धरली होती. दोन्ही वस्त्या जिवंत होत्या आणि दोन्ही ठिकाणी पुढे काय करावं याचा मला पेच होता. गेम ठेवून घेतला.

९ तास

कच्चेपणा भरपूर आहे. अर्ध्या इमारतींना एकच तात्पुरतं चित्र, काही टूलटिप (माउस नेल्यावर दिसणारी माहिती) कोऱ्या, ऐंशीव्या टर्ननंतर एआयची (संगणक चालवतो त्या शेजाऱ्यांची) पाळी संपायला चाळीसेक सेकंद. यातल्या एकाही गोष्टीचे गुण मी कापत नाही. कारखाने उभारण्याचा फॅक्टोरिओ स्टीमवर फेब्रुवारी २०१६ मध्ये आला आणि १.० (पूर्ण आवृत्ती) झाला ऑगस्ट २०२० मध्ये. मधल्या काळात चित्रं बदलली, मेनू बदलले, कितीतरी गोष्टी नव्याने बसवल्या गेल्या. पण पट्ट्यावरून माल येतो, यांत्रिक हात तो उचलतो, यंत्र त्याचं दुसरं काही बनवतं, ही साखळी सुरुवातीपासून पक्की होती. पत्त्यांचा गेम स्ले द स्पायरही नोव्हेंबर २०१७ पासून जानेवारी २०१९ पर्यंत अर्ली ॲक्सेसमध्ये होता. त्या काळात पत्त्यांचे आकडे सतत हलत होते, तरी शत्रू पुढे काय करणार ते आधीच दाखवण्याची त्याची रीत टिकून राहिली. आकडे सुधारतात, चित्रं येतात, वेग वाढतो. म्हणून माझ्या वहीत दोनच रकाने आहेत: ‘कच्चं’ आणि ‘चुकीचं’. कच्च्याची नोंद करून पुढे जायचं, चुकीच्यापाशी थांबायचं.

पाया कधीच बदलत नाही असं मात्र नाही. अंतराळातल्या साम्राज्यांचा स्टेलारिस मे २०१६ मध्ये पूर्ण गेम म्हणून आला, आणि फेब्रुवारी २०१८ च्या २.० आवृत्तीमध्ये ताऱ्यांमधल्या प्रवासाच्या तीन पद्धतींमधून निवड करण्याची सोयच काढून टाकली. सगळ्यांची सुरुवात हायपरलेनवरून, म्हणजे ताऱ्यांना जोडणाऱ्या ठरलेल्या मार्गांवरून. तो बदल मला पटला होता, आजही पटतो. पण तोवर गेमला खेळाडू मिळालेले होते आणि त्यामागे लोक काम करत होते. अपूर्ण गेम विकत घेताना तेवढा भरवसा धरता येत नाही.

१४ तास, टर्न ६३

या टर्नची सेव्ह फाइल मी वेगळी काढून ठेवलीय.

पुढच्या टर्नपासून हिवाळा, १२ टर्नचा. कोठारात धान्य १२०. वस्ती दर टर्नला ९ खाते, म्हणजे १०८ लागणार. शिल्लक १२. पुलापलीकडे तीन घरांवर शेजाऱ्याचं सैन्य उभं. माझ्या तीन तुकड्या, पण मोर्चावर काढलं की प्रत्येक तुकडी दर टर्नला २ जास्तीचं खाते. तिघांचे ६. म्हणजे शिलकीतून फक्त दोन टर्नची लढाई भागत होती.

दुसरा मार्ग म्हणजे पूल जाळायचा. वस्ती सुरक्षित राहिली असती, पण वसंतातला सगळा व्यापार त्याच पुलावरून येतो आणि नवा पूल उभा करायला अख्खा उन्हाळा जातो. मी वीस मिनिटं एकही क्लिक न करता बसून होते. कागदावर हिशोब मांडला, खोडला, परत मांडला. असं बसायला लावणारा गेम मला फार दिवसांनी भेटला होता.

लढले. दोन टर्न संपल्या, १२ धान्य संपलं, एक तुकडी पडली, शत्रू हटला नाही. तिसऱ्या टर्नला उरलेल्या दोन तुकड्यांसाठी वस्तीच्या वाट्यातलं ४ काढलं. त्याच टर्नला शत्रू मोडला. पूल वाचला. पण हिवाळ्याच्या बाराव्या टर्नला कोठारात ९ ऐवजी ५ निघाले आणि एक कुटुंब वस्ती सोडून गेलं. ते कोणतं, त्यांचं घर कुठलं, हे गेम नाव घेऊन सांगतो. त्या रात्री मी या गेमच्या नावापुढे वहीत मोठी खूण केली.

२१ तास

ती खूण घाईची होती. एआयची तपासणी मी नेहमी उशिरा करते, कारण आधी मला स्वतःला खेळ समजलेला असावा लागतो. पद्धत साधी आहे: सगळ्यांशी तह करायचा, भिंतीआड बसायचं आणि पन्नास टर्न नुसती टर्न संपवत जायची. आपण मधे नसताना शेजारी एकमेकांशी कसे वागतात ते बघायचं.

मी बघितलं ते असं. शेजाऱ्याचं सैन्य बर्फात निघालं. लढाई कुठेच नाही, तरी दर टर्नला त्याचं बळ ८ ने घटत होतं. खिंडीच्या मध्यावर ते संपलं. पुढच्या हिवाळ्यात तेच, त्याच्या पुढच्याही हिवाळ्यात तेच. एआय धान्य मोजतच नव्हता. मी टर्न ६३ ची फाइल परत उघडून लढाईची नोंद वाचली. पुलावरचं सैन्य माझ्या तुकड्यांनी मोडलं नव्हतं, ते उपाशी मरत होतं. मी नुसती भिंतीआड बसले असते तरी चार टर्नमध्ये तेच झालं असतं. मला वाईट वाटलं, खरंच.

वरच्या डिफिकल्टीवर एआयला जादा सामान देणं ही जुनी रीत आहे. सिव्हिलायझेशन ६ मध्ये डेइटी या सगळ्यात अवघड पातळीवर एआय तीन सेटलर (नवं शहर वसवणाऱ्या तुकड्या) घेऊन सुरू करतो आणि आपण एक. त्याला माझी हरकत नाही. डावात तोल तरी येतो. पण तिथे एआयही तोच खेळ खेळत असतो. इथे गेमचा मुख्य नियम भूक, आणि तिचा हिशोब फक्त मीच करत होते. हे ‘कच्चं’मध्ये टाकायचं की ‘चुकीचं’मध्ये, यावर दोन दिवस घालवले. शेवटी ‘कच्चं’मध्ये टाकलं, कारण नियम सगळ्यांवर लागू होता, सैन्य खरोखर मरत होतं. उणीव होती ती आधी मोजून मग पाऊल टाकण्याची.

तक्रार पाठवताना ‘एआय मूर्ख आहे’ असं लिहून कोणाचंच काम पुढे सरकत नाही. मी सीड, टर्नचा क्रमांक, बिल्डचा क्रमांक आणि सेव्ह फाइल पाठवली. सोबत तीन ओळी: काय झालं, काय व्हायला हवं होतं, परत घडवायचं तर काय करायचं.

३३ तास

दोन पॅचनंतर (पॅच म्हणजे गेममध्ये केलेले बदल) पॅच नोट्समध्ये एक ओळ आली, की पहिला बर्फ पडताच एआय सैन्य माघारी नेतो. मी लगेच टर्न ६३ उघडली. टर्न संपवली. शेजारी वळला आणि घरी गेला. १२ धान्य शिल्लक, पूल शाबूत, तिन्ही तुकड्या शाबूत, मला काहीच ठरवावं लागलं नाही.

एआय पूर्वीपेक्षा शहाणा झाला आणि गेममधला सगळ्यात चांगला पेच त्यात गेला. आता हिवाळ्यात कोणीच येत नाही, त्यामुळे कोठार म्हणजे निव्वळ बारा गुणिले नऊ. ही दुरुस्ती मी ‘चुकीचं’मध्ये लिहिली. या वहीतली ती पहिली नोंद.

याच पॅचमध्ये त्यांनी राजनैतिक बोलणीची अख्खी स्क्रीन काढून टाकली. बरेच खेळाडू नाराज आहेत, मला मात्र बरं वाटलं. तिथे चार बटणं होती आणि कोणतंही दाबलं तरी शेजारी एकच उत्तर द्यायचा. नुसती भर घालत जाणाऱ्यांपेक्षा काढून टाकायची तयारी असलेल्यांवर माझा जास्त विश्वास बसतो. रोडमॅपवर, म्हणजे पुढे काय येणार याच्या यादीवर, मी गुण देत नाही. जे हातात आहे तेच मोजते.

४१ तास

उत्तरार्धाबद्दल मत राखून ठेवलंय, कारण तो या बिल्डमध्ये जवळपास नाहीच. तिसऱ्या वर्षानंतर नवी इमारत मिळत नाही, नवा प्रश्न येत नाही. स्ट्रॅटेजी गेमचा हा भाग आधी क्वचितच बघायला मिळतो. ह्यूमनकाइंड या गेमने २०२० मध्ये ओपनडेव्ह या चाचणीमधून ठरावीक प्रसंग खेळायला दिले आणि ते आवडलेही होते. ऑगस्ट २०२१ मध्ये पूर्ण गेम आल्यावर शेवटच्या युगांतल्या प्रदूषणाबद्दल खेळाडूंच्या तक्रारींचा ढीग लागला. तुकडा चांगला होता म्हणून अख्खा डाव तसाच निघेल असं धरता येत नाही. अगेन्स्ट द स्टॉर्मने ही अडचण वेगळ्या तऱ्हेने सोडवली: वस्ती नावारूपाला आली की ती मोहीम तिथेच संपते आणि पुढची नव्या जंगलात सुरू होते. २०२१ पासून अर्ली ॲक्सेसमध्ये राहून तो डिसेंबर २०२३ मध्ये पूर्ण झाला, आणि कंटाळवाणा शेवट टाळायची ती रचना त्याच्या हाडातच आहे. आमच्या या गेममध्ये तशी रचना अजून मला दिसत नाही. एकदा जिंकले तेव्हाही शेवटच्या तीस टर्न मी फक्त टर्न संपवायचं बटण दाबत होते.

तर आजच्या घडीला: पहिली ६० टर्न मनापासून आवडली, पुढचं माहीत नाही, हिवाळा बिघडलेला आहे. पूर्ण किमतीला घ्या असं कोणाला सांगणार नाही. ज्यांना सेव्ह फाइली जपून ठेवायला आणि तक्रारी नीट लिहायला आवडतं, त्यांनी मात्र आत्ताच यावं. पाया हलतोय तोवरच त्यांच्या नोंदींचा उपयोग आहे.

काल दुसरा अहवाल पाठवला. मागणी एकच: बर्फ बघून वळू नका, कोठार बघून वळा. ज्याच्याकडे धान्य आहे त्या शेजाऱ्याने हिवाळ्यातही यावं. सोबत टर्न ६३ च्या दोन फाइली जोडल्या, जुन्या बिल्डची आणि नव्या बिल्डची. सातवी मोहीम सुरू केलीय, उत्तरेकडच्या दरीत, टर्न १८ वर. यावेळी टेहळे आधी.