दाढेतला गटापर्चा

गेल्या महिन्यात माझ्या एका दाढेचे रूट कॅनॉल झाले. तिसऱ्या खेपेला डॉक्टरांच्या तबकात गुलाबी रंगाच्या, सुईसारख्या बारीक आणि टोकाशी निमुळत्या काड्या ओळीने मांडलेल्या दिसल्या. तोंडात कापसाचे बोळे असतानाच माणसाला प्रश्न सुचतात, त्यामुळे मी भुवया उंचावून ‘हे काय?’ असे विचारले. ‘गटापर्चा’, डॉक्टर म्हणाल्या, आणि एकेक काडी दाढेच्या मुळात सरकवून त्यांनी वर उरलेली टोके तापवलेल्या अवजाराने अलगद कापून टाकली.

हा शब्द माझ्या ओळखीचा होता, पण तो दंतवैद्याच्या खुर्चीत भेटेल असे कधी वाटले नव्हते. माझ्या मनात तो प्रशिया या तेव्हाच्या जर्मन राज्याच्या तोफखान्यातल्या एका लेफ्टनंटशी जोडलेला होता. त्या लेफ्टनंटचे नाव वर्नर सीमेन्स. आपल्याकडे हे आडनाव कळव्याच्या कारखान्यामुळे आणि मुंबईच्या लोकलमुळे रोजच्या बोलण्यातले झाले आहे. ते एका माणसाचे आडनाव आहे आणि तो माणूस तोफखान्यात होता, हे मात्र सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही.

वर्नरचा जन्म १८१६ साली हॅनोव्हरजवळच्या लेंट या गावी झाला. वडील खंडाने शेती करीत आणि घरात चौदा मुले जन्मली, त्यांतला हा चौथा. अभियंता होण्याची इच्छा होती, पण बर्लिनच्या स्थापत्य विद्यालयाचा खर्च घराला झेपणारा नव्हता. तेव्हा फुकट शिकायचे तर फौजेत जावे, हा सरळ हिशेब करून तो १८३४ साली प्रशियाच्या तोफखान्यात दाखल झाला. पुढची तीन वर्षे बर्लिनच्या तोफखाना व अभियांत्रिकी विद्यालयात त्याला गणित, भौतिकी आणि रसायन शिकायला मिळाले. नंतर आईवडील वर्षभराच्या आत एकापाठोपाठ गेले आणि धाकट्या भावंडांचा भार या तरुण अधिकाऱ्यावर आला. त्याच्या संशोधनामागे जिज्ञासा होती तशी पैशाची नडही होती, असे मला वाटते.

त्याच्या लष्करी कारकिर्दीतला मला सर्वांत आवडणारा काळ तुरुंगातला आहे. दोन अधिकाऱ्यांच्या द्वंद्वयुद्धात हा एकाचा साक्षीदार म्हणून उभा राहिला आणि द्वंद्वाला बंदी असल्यामुळे त्याला माग्देबुर्गच्या किल्ल्यात पाच वर्षांची कैद झाली. त्याने काय करावे? औषधाच्या दुकानातून रसायने गुपचूप मागवून कोठडीतच प्रयोगशाळा थाटली. विजेच्या साहाय्याने धातूवर सोन्याचा मुलामा चढवण्याचे त्याचे प्रयत्न आधीपासून चालू होते. इथे एक साधा चहाचा चमचा द्रावणात बुडवला आणि पाहता पाहता तो सोन्यासारखा पिवळा झाला. माग्देबुर्गच्या एका सराफाने ही युक्ती रोख पैसे मोजून विकत घेतली. एवढ्यात, जेमतेम महिन्याभरात, राजाची माफी आली. प्रयोग अर्धवट राहतील म्हणून वर्नरने आणखी काही दिवस कोठडीतच राहू देण्याची विनंती केली. राजाच्या कृपेचा हा अवमान ठरून त्याला रातोरात किल्ल्याबाहेर काढण्यात आले. अवेळी सामानसुमान आणि बाटल्या सांभाळत बिऱ्हाड शोधणारा हा सुटका झालेला कैदी माझ्या डोळ्यांसमोर वारंवार येतो.

गटापर्चा त्याच्या हाती आला तो लंडनला गेलेल्या विल्हेल्म या भावामुळे. मलायातल्या एका झाडाचा हा चीक. गरम पाण्यात तो कणकेसारखा मऊ होतो आणि गार होताच पुन्हा घट्ट बसतो. त्या वेळी प्रशियाचे सैन्य तारायंत्राच्या विचारात होते. उघड्यावरच्या तारा कोणीही तोडील, या भीतीने त्या जमिनीखालून न्यायचे ठरत होते. पण पुरलेल्या तारेला ओल लागली की वीज मातीत जिरते. गटापर्च्याची पट्टी तारेवर गुंडाळली तर सांधा उरतो आणि सांध्यातून पाणी शिरते. सीमेन्सने त्यावर जे यंत्र रचले ते समजायला मराठी स्वयंपाकघरातला सोऱ्या पुरे आहे. मऊ गटापर्चा दाबाने बाहेर पडतो आणि मधून सरकणाऱ्या तारेभोवती एकसंध, बिनसांध्याचा चढत जातो. आज घराच्या भिंतीतून जाणाऱ्या प्रत्येक वायरीवरचे प्लास्टिक याच रीतीने चढवले जाते.

पुढचे सारे झपाट्याने घडले. ऑक्टोबर १८४७ मध्ये योहान हाल्स्के या कुशल यंत्र-कारागिरासह त्याने बर्लिनमध्ये कारखाना काढला, तेव्हा अंगावर गणवेश होताच. १८४८ साली डेन्मार्कशी युद्ध जुंपले, तेव्हा त्याने कील बंदरात किनाऱ्यावरून विजेने उडवता येतील असे सुरुंग पेरले, पण शत्रूची जहाजे त्यांच्यावर चालून आलीच नाहीत. १८४९ च्या मार्चमध्ये फ्रँकफुर्टच्या संसदेने प्रशियाच्या राजाची जर्मनांचा सम्राट म्हणून निवड केली. ती बातमी सीमेन्सच्या तारेने तासाभरात बर्लिनला पोचली, आणि राजाने तो मुकुट नाकारला. त्याच वर्षी वर्नरने फौज सोडली. इतक्या वर्षांच्या नोकरीनंतरही हुद्दा लेफ्टनंटचाच होता.

खर्च वाचवण्याच्या सरकारी घाईत त्या तारा उथळ आणि बिनचिलखती पुरल्या गेल्या होत्या. उंदीर-घुशींनी गटापर्चा कुरतडला, तारा बंद पडू लागल्या आणि बोल अर्थातच सीमेन्सला लागला. पण १८७० साली त्याच्या भावांसह उभारलेल्या लंडन ते तेहरान तारेने, पुढे इराणी आखातातल्या आणि कराचीकडून येणाऱ्या तारांना जोडून, लंडनचा संदेश कलकत्त्याला २८ मिनिटांत पोचवला. कराची तेव्हा मुंबई इलाख्यातच होती.

शेवटच्या खेपेला डॉक्टरांनी माझ्या दाढेचे क्ष-किरण चित्र पडद्यावर लावले. करड्या हाडात तीन शुभ्र रेषा खोल उतरलेल्या दिसत होत्या. त्यांनी प्रत्येक रेषेवरून पेनाचे टोक सावकाश फिरवले आणि कुठे फट राहिली नाही ना, हे दोनदा पाहून घेतले.