आत्याला बटण दिसलं नाही त्या दिवशी

मे महिन्यातली दुपार, दीड वाजलेला, आत्या नळस्टॉपला बसची वाट बघत उभी होती आणि तिथून तिचा फोन आला. "अगं, तुमच्या त्या अ‍ॅपमध्ये वेळ घ्यायचं बटण कुठंय? मला सगळं पांढरंच दिसतंय." तिच्या एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, दुसरा बाकी आहे, आणि त्याच डॉक्टरांची अपॉइंटमेंट ती आमच्या टीमने केलेल्या अ‍ॅपवरून घेत होती. मी म्हटलं, "आत्या, एकदम खाली बघ, हिरवं बटण आहे." तर म्हणाली, "पदराची सावली धरून बघितलं गं, नाहीच दिसत."

त्या दिवसापासून हा विषय डोक्यातून गेलेला नाही. आम्ही हिंजवडीत एसीत बसून मोठ्या मॉनिटरवर रंग ठरवतो आणि वापरणारी माणसं उन्हात, बसमध्ये, ब्राइटनेस अर्ध्यावर ठेवलेल्या फोनवर वाचतात. मोतीबिंदूत तर डोळ्यात शिरणारा प्रकाशच विखुरतो, त्यामुळे फिकट रंगांमधला फरक पार पुसला जातो.

दुसऱ्या दिवशी ऑफिसला जाऊन आधी आकडे काढले. डब्ल्यूसीएजी म्हणून वेबसाइट आणि अ‍ॅप सगळ्यांना वापरता यावेत यासाठीचे जे नियम आहेत त्यात साध्या मजकुराला किमान ४.५:१ कॉन्ट्रास्ट (अक्षर आणि मागचा रंग यांच्या उजळपणाचं गुणोत्तर) लागतो, मोठ्या अक्षरांना ३:१ चालतो, आणि काळ्यावर पांढरं म्हणजे २१:१, त्याच्या पुढे काही नाही. आमचा मजकूर पांढऱ्यावर #९९९९९९ (हा फिकट करड्या रंगाचा कोड, आकडे कमी तसा रंग गडद) होता, म्हणजे २.८५. पांढऱ्यावर #७७७७७७ ठेवलं तरी ४.४८ येतो आणि नापास, #७६७६७६ ला ४.५४ येऊन पास! बटणाचं कारण वेगळं होतं. डोळ्याला हिरवा रंग लाल-निळ्यापेक्षा खूप उजळ वाटतो, नियमाच्या सूत्रातही हिरव्याला ०.७१५२ इतकं वजन आहे आणि निळ्याला जेमतेम ०.०७२२. त्यामुळे पोपटी बटणावर पांढरी अक्षरं टाकली की उजेडावर उजेड लिहिल्यासारखं होतं.

पण मला सगळ्यात जास्त बोलायचंय ते देवनागरीबद्दल, कारण हे सूत्र फक्त रंग बघतं, रेघ किती बारीक आहे ते बघत नाही. इंग्रजीसाठी निवडलेला लाइट वजनाचा, म्हणजे बारीक रेघांचा फॉन्ट, १२ पिक्सेल, तोच मराठीला लावला की शिरोरेषा तेवढी उरते आणि अनुस्वार, रफार, उकार गायब होतात. आत्याने संध्याकाळी घरी फोन दाखवला तेव्हा वेळ ९.३० आहे की १.३० हे मलाही फोन जवळ धरून बघावं लागलं, कारण मराठी ९ आणि १ मधला फरक त्या एवढ्याशा गाठीचा, आणि ती गाठच करड्या रंगात विरघळली होती. डॉक्टरांच्या वेळेत असा घोळ होणं मला अजिबात मान्य नाही.

मग अक्षरं #३३३३३३ केली (१२.६ येतो), फॉन्ट रेग्युलर, साइज १६, ओळींमधलं अंतर १.२ वरून १.६, कारण वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीला टेकत होता. बटण गडद हिरवं, कॉन्ट्रास्ट ७ च्या वर. भरलेल्या वेळा नुसत्या लाल होत्या, तिथे 'भरली' असा शब्द घातला, लाल-हिरव्यातला फरक न दिसणारे लोक कमी नाहीत. क्रोम ब्राउझरच्या डेव्हटूल्समध्ये (डेव्हलपरसाठीची तपासणीची साधनं) कॉन्ट्रास्टचा आकडा दिसतो आणि अंधुक नजरेने स्क्रीन कशी दिसेल तेही बघता येतं, फुकट आहे, नक्की वापरा. पण आम्ही त्यावर न थांबता दुपारी एक वाजता पार्किंगमध्ये उन्हात फोन घेऊन उभे राहिलो, आणि तिथे फिकट चौकटीसुद्धा दिसेनात, मग त्याही गडद केल्या.

परवा आत्याने दुसऱ्या डोळ्याच्या तपासणीची वेळ स्वतः घेतली, मंगळवार, सकाळी ९.३०, फोन न करता. कॅलेंडरमधल्या बंद तारखा अजून फिकटच आहेत, बंद बटणांना नियमात सूट असते म्हणून आम्ही त्या तशाच सोडल्या होत्या, पण तिने तीनदा त्यांच्यावरच बोट दाबलं म्हणे. या आठवड्यात मी त्या गडद करायला घेतीये.