खाड्यांच्या वाटेने सांतियागो: कामिनो देल नोर्ते आणि तिथला पाऊस

स्पेनच्या उत्तर किनाऱ्यावरच्या पावसाला बास्क लोक 'चिरिमिरी' म्हणतात. मराठी माणसाला हसू येतं, पण नाव चपखल आहे. हा पाऊस कोसळत नाही. थोडं थोडं करत, आपण 'एवढ्याने काय होतंय' म्हणेपर्यंत आतल्या बनियनपर्यंत पोचतो. पुढे पश्चिमेला आस्तुरियास प्रांतात त्यालाच 'ओर्बायु' म्हणतात. कामिनो देल नोर्ते, म्हणजे सांतियागोला जाणारी उत्तरेची यात्रावाट, चालायची तर आधी हा पाऊस समजून घ्यायला हवा, मग किलोमीटर.

किलोमीटर साधारण ८२५. फ्रान्सच्या सीमेवर इरून इथे बिदासोआ नदीच्या पुलापासून सुरुवात आणि गालिसियात सांतियागो दे कोंपोस्तेलाच्या कॅथीड्रलसमोर शेवट. रोज २२ ते २५ किलोमीटर धरले तर ३३ ते ३७ चालण्याचे दिवस. त्यात विश्रांतीचे दोन-तीन मिळवा. शेन्गेन व्हिसावर १८० दिवसांत ९० दिवस राहता येतं, त्यामुळे मुदतीची अडचण नाही. अडचण येते ती व्हिसा अर्जात राहण्याचं ठिकाण दाखवताना, कारण सरकारी आल्बेर्गे (यात्रेकरूंच्या धर्मशाळा) सहसा आगाऊ बुकिंग घेत नाहीत. निदान सुरुवातीचे आणि मोठ्या गावांतले मुक्काम खाजगी हॉस्टेलमध्ये नक्की करावेत. प्रवास विमा किमान ३०,००० युरोंचा लागतोच.

वारीशी तुलना करायचा मोह होतो, पण इथे प्रस्थानाची तिथी नाही, दिंडी नाही, सामानाचा ट्रक नाही. कुणीही, कुठल्याही दिवशी, एकटा निघतो. २०२४ मध्ये जवळपास पाच लाख लोकांनी सांतियागोला पोचल्याचं प्रमाणपत्र घेतलं, पण त्यात उत्तरेच्या वाटेने आलेले शंभरात चार-पाचच. बाकीची गर्दी फ्रेंच आणि पोर्तुगीज वाटांवर असते. २५ जुलै, म्हणजे सांतियागोचा (संत जेम्सचा) सण, रविवारी आला की ते पवित्र वर्ष मानतात. पुढचं २०२७ मध्ये आहे. शांतता हवी असेल तर ते टाळा.

हा किनारा एवढा हिरवा का, हे कोकणातल्या माणसाला समजावून सांगावं लागत नाही. किनाऱ्याला समांतर कांताब्रियन डोंगररांग उभी आहे. तिच्यातलं पिकोस दे एउरोपा हे शिखरांचं जंगल २,६०० मीटरच्या वर जातं आणि समुद्र तिथून हाकेच्या अंतरावर वाटतो. अटलांटिकवरून येणारे ढग तिला अडतात आणि रिकामे होतात. सह्याद्रीचंच गणित, फक्त हंगाम वेगळा. सान सेबास्तियानला वर्षाला साधारण १,५०० मिलिमीटर पाऊस पडतो. रत्नागिरीत चार महिन्यांत याच्या जवळपास दुप्पट पडतो, पण नंतर उघडीप मिळते. इथे तो बारा महिन्यांवर पसरलेला आहे. म्हणून 'पाऊस थांबल्यावर निघू' हे धोरण इथे चालत नाही. मे, जून आणि सप्टेंबर सर्वांत बरे. जुलै-ऑगस्ट त्यातल्या त्यात कोरडे, पण स्पॅनिश लोकांच्या सुट्ट्या तेव्हाच असतात आणि किनाऱ्यावरच्या खोल्यांचे भाव चढलेले असतात. नोव्हेंबर ते मार्च बरेच आल्बेर्गे बंद.

भिजण्याने काही बिघडत नाही, न वाळण्याने बिघडतं. कपड्यांचे दोन जोड, एकही सुती नको, जीन्स तर नकोच. पोंचो सॅकसकट सगळं झाकतो, पण कड्यावरच्या वाऱ्यात तोंडावर येतो आणि उतारावर पाय कुठे पडतोय ते दिसत नाही. मी हलकं जॅकेट निवडतो आणि घामाने आतून थोडं ओलं होणं सोसतो. सॅकवरच्या कव्हरवर विसंबू नका. पाठीकडून ओघळलेलं पाणी त्याच्या तळाशी साचतं आणि सॅक खालून भिजते. सॅकच्या आत एक मोठी जाड प्लास्टिकची पिशवी घालून सगळं सामान तिच्यात भरावं, तोंड पीळ देऊन दुमडावं. एवढ्याने काम होतं.

बुटांवर दोन तट आहेत. वॉटरप्रूफ बुटांत पाणी घोट्यावरून एकदा शिरलं की तेच वॉटरप्रूफ अस्तर ते बाहेर जाऊ देत नाही. दोन दिवस ओले बूट. जाळीचे हलके बूट पाच मिनिटांत भिजतात, पण रात्रीत बऱ्यापैकी वाळतात. मे ते सप्टेंबर मी जाळीच्याच बाजूने. वाळवायची पद्धत ठरलेली: पोचल्या पोचल्या आतलं पॅड काढून वेगळं ठेवायचं, लेस पूर्ण सैल करायची, वर्तमानपत्राचे बोळे पुढच्या टोकापर्यंत ठासून भरायचे. तासाभराने बोळे ओलेचिंब होतात, ते बदलायचे, झोपताना पुन्हा एकदा. बहुतेक लोक पहिल्यांदा भरलेला कागद सकाळपर्यंत तसाच ठेवतात. तो ओल धरून बसतो आणि बूट जिथल्या तिथे. रेडिएटरवर बूट ठेवू नका, तळव्याचा गोंद सुटतो. कपडे पिळायला कोरड्या टॉवेलात गुंडाळून त्या गुंडाळीवर उभं राहावं, निम्मं पाणी टॉवेलात येतं. मोजे लोकरीचे, तीन जोड. ओल्या मोज्यांत कातडी मऊ पडून तिसऱ्या-चौथ्या दिवशी फोड येतात, म्हणून दुपारच्या थांब्यावर मोजे बदलणं हा आळस करायचा विषय नाही. ओला जोड सेफ्टी पिनेने सॅकला लटकवा.

सॅकचं वजन आपल्या वजनाच्या दहा टक्क्यांच्या आत, हा नियम इथे जास्त लागू, कारण पहिला आठवडाच सर्वांत कठीण आहे. इरूनहून निघाल्यावर लगेच हाइस्किबेलचा चढ येतो. ग्वादालुपेच्या देवळापासून वरची वाट धरली तर जवळपास ५०० मीटर उंचीवर जाता. ढग उतरले असतील तर वर दिसत काहीच नाही, खालची वाट घ्यावी. देबा ते मार्किना हा टप्पा २४ किलोमीटरच्या आसपास, चढ-उतारांचा, आणि वाटेत दुकान मिळेल असं धरू नये. खाणं-पाणी देबातूनच घ्यावं. खरी घसरण चढावर नाही, उतारावर होते. निलगिरीच्या लागवडीत झाडांची साल लांब पट्ट्यांनी गळून वाटेवर पडते आणि ओली झाली की साबणासारखी होते. काठ्या दोन हव्यात. डांबरावर टोकाला रबरी टोपी लावायची, चिखलात काढायची. विमानात केबिनमध्ये काठ्या अडवतात, तिथे पोचून घेतलेल्या बऱ्या.

आता खाड्या. या वाटेचा दिवस किलोमीटरवर नाही, खाडी कुठे आणि कशी ओलांडायची यावर आखावा लागतो. पहिलीच खाडी पासाइयाची: दोन्ही बाजूंना डोंगर, मध्ये जहाजं जातील एवढी चिंचोळी पट्टी, आणि पलीकडे नेणारी छोटी बोट. प्रवास दोन-तीन मिनिटांचा, तिकीट युरोभराच्या आसपास, सुटे पैसे हातात ठेवा. बिल्बाओच्या पुढे पोर्तुगालेतेला १८९३ चा बिस्काया पूल आहे. लोखंडी सांगाडा उंचावर आणि त्याला तारांनी टांगलेली पेटी माणसं-गाड्या घेऊन पाण्यावरून सरकते. या जातीचा हा जगातला पहिला पूल, २००६ पासून जागतिक वारसा यादीत. नदीच्या उजव्या तीरावरून चालत आलात तर यानेच पलीकडे जायचं.

लारेदोहून सान्तोन्याला जाताना चार-पाच किलोमीटर वाळूवरून पुंतालच्या टोकापर्यंत चालायचं. तिथे धक्का शोधू नका, बोट थेट वाळूला लागते. ही बोट हिवाळ्यात बंद असते आणि मग कोलिंद्रेसवरून रस्त्याचा मोठा वळसा पडतो. निघण्याआधी लारेदोतच चौकशी करा. सोमो ते सान्तान्देर बोट मात्र वर्षभर चालते. त्याच्या अलीकडचा मुक्काम ग्वेमेसला करावा. तिथलं आल्बेर्गे 'आजोबा पेउतोची झोपडी' या नावाने ओळखलं जातं, जेवण सगळे एकत्र, पैसे देणगीच्या पेटीत. देणगी म्हणजे फुकट नव्हे. जेवण-झोपणं धरून १५-२० युरो टाकावेत, उद्याच्या लोकांचं जेवण त्यातूनच येतं.

सान्तान्देरनंतर बोओ आणि मोग्रो यांच्यामध्ये पास नदी आडवी येते. रेल्वेच्या पुलावरून चालत जाणाऱ्यांच्या गोष्टी वाटेत ऐकू येतील. ते बेकायदा आहे आणि जिवावर बेतणारंही. एक स्टेशन गाडीने जावं, मिनिटांचं काम आहे. त्याने यात्रा बाटत नाही.

तीच गाडी पुढे फार कामाला येते. बिल्बाओपासून गालिसियातल्या फेर्रोलपर्यंत किनाऱ्याजवळून मीटरगेज रेल्वे जाते. जुने लोक अजूनही तिला 'फेवे' म्हणतात, हल्ली ती रेन्फेकडे, म्हणजे स्पेनच्या सरकारी रेल्वे कंपनीकडे आहे. खिखोन-फेर्रोल हा शेवटचा दुवा १९७२ मध्ये पुरा झाला. गाड्या कमी, वेग बेताचा, वेळापत्रक स्टेशनवरच पाहून घ्यावं. पण गुडघा दुखावला किंवा खिखोन-आविलेसचा कारखान्यांचा पट्टा चालायचा कंटाळा आला तर ती आहे. नुसता किनारा बघायला येणाऱ्यांनीही मोटारीऐवजी हिच्यात बसावं.

आस्तुरियासमध्ये शिरताना एक घोटाळा होतो. वाटेवरच्या खांबांवर शिंपल्याचं चिन्ह असतं. आस्तुरियासमध्ये शिंपल्याच्या रेघा जिथे एकत्र येतात ते टोक दिशा दाखवतं. गालिसियात उलट, रेघा पसरतात ती बाजू. धुक्यात, तिठ्यावर, घाईत असताना हे आठवत नाही. पिवळा बाण असेल तर फक्त बाण माना. सोतो दे लुइन्याला आणखी एक निवड येते: पालांकासच्या डोंगरावरून की खालून किनाऱ्याच्या बाजूने. पावसात वर जाऊ नये. काटेरी झुडपं वाटेवर आलेली असतात, चिन्हं दिसत नाहीत आणि झुडपांचं पाणी विजारीतून बुटात उतरतं. खालची वाट प्रत्येक ओढ्याला उतरवते आणि पुन्हा चढवते, पण हरवत नाही.

पाऊस वाढला तर आडोसा म्हणजे 'ओर्रेओ', खांबांवर उभी धान्याची कोठी. आस्तुरियासची चौकोनी आणि प्रशस्त, खाली चार माणसं सॅकसकट मावतात. प्रत्येक खांबाच्या डोक्यावर जात्याच्या पाळीसारखा सपाट दगड असतो, खांबापेक्षा रुंद. उंदीर खांब चढतो आणि या दगडाच्या खालच्या अंगाला अडकतो. गालिसियातली कोठी लांबट आणि अरुंद, तिच्याखाली कुणी मावत नाही. कोठी कुणाच्या तरी अंगणात असते, आधी हाक मारून विचारावं.

शाकाहाऱ्यांनी 'मांसाशिवाय' एवढंच सांगून भागत नाही, सॅलडवर ट्यूना येतो. 'सिन कार्ने, सिन पेस्कादो, सिन खामोन' (मांस नको, मासे नकोत, हॅम नको) असं तिन्ही म्हणावं. फाबादा (पांढऱ्या घेवड्याचं कालवण) आणि गालिसियन काल्दो (पालेभाजीचं सूप) या दोन्हींत डुकराचं मांस किंवा चरबी असते, दिसलं नाही तरी. अंडं चालत असेल तर बटाट्याचं तोर्तिया कुठेही मिळतं. दुपारचं जेवण दीड ते साडेतीन, रात्रीचं साडेआठच्या आधी नाही, दुकानं दुपारी बंद आणि रविवारी बहुतेक दिवसभर. गालिसियातल्या सरकारी आल्बेर्गेंत स्वयंपाकघर चकाचक असतं, पण भांडी बऱ्याचदा नसतात. एक हलकं पातेलं आणि पाव किलो मेतकूट सॅकमध्ये असलं की भाताची सोय होते. तिथल्या मुक्कामाचे दर दहा युरोंच्या आसपास, दुपारी एकनंतर प्रवेश, रात्री दहाला दिवे बंद. गादीचे कोपरे ढेकणांसाठी उलटून पाहा आणि कानात घालायचे बोळे विसरू नका.

रिबादेओला एओ नदीवरचा लांब पूल ओलांडला की गालिसिया, आणि वाट समुद्राकडे पाठ फिरवते. समुद्राला निरोप द्यायचा तर एक दिवस थांबून पश्चिमेला दहाएक किलोमीटरवरच्या कातेद्राइस किनाऱ्यावर जावं. खडकांच्या कमानी ओहोटीलाच पायथ्यापासून दिसतात, भरतीला वाळू उरत नाही. उन्हाळ्यात आणि ईस्टरच्या आठवड्यात आगाऊ मोफत नोंदणी लागते.

प्रमाणपत्रासाठी शेवटचे किमान १०० किलोमीटर पायी हवेत आणि त्या पट्ट्यात क्रेदेन्सिआलवर, म्हणजे यात्रेच्या पुस्तिकेवर, दिवसाला दोन शिक्के. कमी दिवस असलेल्यांनी विलाल्बापासून सुरुवात करावी. अंतर १२० च्या आसपास भरतं, चुकामुकीला जागा राहते. वाटेत सोब्रादोच्या मठात मुक्काम मिळतो. त्याच्या दर्शनी भिंतीवर शेवाळ आणि रोपं अशी चढलीत की पुतळ्यांना हिरव्या शाली पांघरल्यासारख्या दिसतात. दुसऱ्या दिवशी आर्सुआला फ्रेंच वाट येऊन मिळते आणि एवढे दिवस रिकामी असलेली पायवाट अचानक जत्रेची होते. तिथून पुढचे ३९ किलोमीटर सकाळी लवकर निघून चालावेत. कॅथीड्रलमध्ये सॅक नेऊ देत नाहीत, ती आधी मुक्कामी टाकावी, मग यात्रा कार्यालयाची रांग. पुस्तिका प्लास्टिकच्या दुहेरी पिशवीत ठेवलेली असेल तरच शिक्के वाचता येतात. शाई पाण्यात फुटते.