उधारीच्या वहीतली जाहिरात

आमच्या वहिनींचा गोडा मसाला, मेतकूट आणि चकलीची भाजणी यांचा घरगुती व्यवसाय डोंबिवलीतल्या दोन खोल्यांच्या घरातून चालतो आणि त्याचा हिशेब व जाहिरात ही दोन्ही कामे गेली सहा वर्षे माझ्याकडे आहेत. जाहिरातीसाठी वेगळे पैसे कधीच नव्हते. तरीही पहिल्या दिवाळीला मी हौसेने रंगीत पत्रके छापली आणि वर्तमानपत्रांतून घरोघरी टाकली. चार हजार रुपये गेले आणि फोन आले सात. त्यांतल्या एका गृहस्थांना पत्रके कोठे छापली एवढेच हवे होते.

पुढे उधारी वसूल करण्यासाठी वहिनींची वही चाळताना लक्षात आले की विक्रीचा मोठा भाग चाळीसेक घरांतूनच येतो, आणि अर्धा किलो गोडा मसाला नेणारे घर साधारण तीन महिन्यांनी पुन्हा येते. मग त्याच वहीत मी रकाने आखले: काय नेले, कधी नेले, काही तक्रार होती का आणि आमच्याकडे कोणी पाठवले. मसाला संपायच्या आठवडाभर आधी वहिनी त्या घरी निरोप धाडू लागल्या, ‘काकू, मसाला संपत आला असेल, शुक्रवारी ताजा कुटतो आहे, तुमचा बाजूला काढू का?’ या एका वाक्याने जेवढी विक्री झाली तेवढी माझ्या कोणत्याही चित्रविचित्र मजकुराने झालेली नाही.

‘कोणी पाठवले’ हा रकाना सर्वांत उपयोगी ठरला. तिसऱ्या मजल्यावरच्या एका काकूंनी आम्हाला अकरा घरे जोडून दिली होती, हे त्यांना स्वतःलाही ठाऊक नव्हते. त्यांना टक्केवारी देऊ केली असती तर त्या रागावल्याच असत्या. दिवाळीला किलोभर भाजणी मात्र त्यांनी आनंदाने घेतली.

व्हॉट्सअ‍ॅपच्या बाबतीत मी बराच काळ अंधारात होतो. ब्रॉडकास्टच्या, म्हणजे एकच निरोप अनेकांना वेगवेगळा धाडण्याच्या, एका यादीत 256 जण बसतात, परंतु ज्यांनी आमचा क्रमांक स्वतःच्या फोनमध्ये जतन केलेला नाही त्यांना तो निरोप पोहोचतच नाही, हे कळेपर्यंत दोन महिने मी मोबाइल कंपनीला दोष देत होतो. आता प्रत्येक पुडीत एक चिठ्ठी असते: क्रमांक जतन करा आणि ‘मसाला’ एवढेच लिहून पाठवा. सोसायटीच्या ग्रुपवर रोज छायाचित्रे टाकणे मात्र आम्ही कटाक्षाने टाळतो, कारण तेथे लोक कंटाळतात आणि जिन्यात भेटल्यावर तोंड चुकवतात.

गूगलवर आपल्या व्यवसायाची मोफत नोंद करणे एका दुपारचे काम आहे. घरातून व्यवसाय करणाऱ्यांना तेथे पत्ता न दाखवता केवळ कोणत्या भागात माल पोहोचवतो तेवढे दाखवता येते. पुडीवर वेष्टनाची तारीख आणि अन्न नोंदणीचा चौदा अंकी क्रमांक ठळक छापावा, कारण अनोळखी माणूस पुडी हातात घेतली की आधी उलटी करून पाहतो.

सवलतीच्या मात्र मी विरोधात आहे. एकदा दहा टक्के कमी केले की पुढच्या वेळी मूळ भाव महाग वाटू लागतो. न चाखलेला मसाला अर्धा किलो घेण्याचे धाडस कोणी करत नाही, म्हणून आम्ही पन्नास ग्रॅमची पुडी काढली. पिशवीचा आणि चिठ्ठीचा खर्च धरता तिच्यात काहीच सुटत नाही, पण मी तो खर्च हिशेबात जाहिरातीच्या खात्यावर टाकतो. मेतकुटाच्या अशाच पुड्या वहिनींनी सकाळच्या लोकलच्या महिला डब्यात वाटल्या आणि मऊ भात-तुपाची आठवण निघाल्यावर ठाणे येईपर्यंत पिशवी रिकामी झाली.

गेल्या वर्षी दिवाळीच्या तोंडावर मी फेसबुकवर पाचशे रुपयांची जाहिरात केली आणि ती नको इतकी चालली. भाजणीची धान्ये वेगवेगळी, मंद आचेवर भाजावी लागतात. दिवसाला आठ किलोंच्या पुढे वहिनींचा हात चालत नाही. त्या गडबडीत जुन्या चार घरांची भाजणी राहिली आणि एक घर अजून परतलेले नाही. यंदा पहिले पंधरा दिवस नोंदणी फक्त वहीतल्या घरांसाठी उघडी ठेवणार आहोत.