फेलूदाचे मूळ घर शोधायला बिक्रमपूरला जाणाऱ्यांसाठी

फेलूदा हा सत्यजित राय यांच्या बंगाली कथांतला गुप्तहेर. ढाक्यातील एका सहल-संयोजकाने 'फेलूदाचे वडिलोपार्जित घर' म्हणून आम्हांला जे घर दाखवले, ते फेलूदाचे असूच शकत नाही, आणि हे ओळखायला फेलूदाची बुद्धी लागत नाही; चौकटीवरची तारीख वाचता आली की पुरे.

सत्यजित राय यांनी फेलूदाच्या घराण्याविषयी हात राखूनच लिहिले आहे. कथा सांगणारा त्याचा चुलतभाऊ तोपशे याच्या सांगण्यानुसार फेलूदाच्या, म्हणजे मित्र आडनावाच्या कुटुंबाचे मूळ गाव म्हणजे ढाका जिल्ह्याच्या बिक्रमपूर भागातील (आजच्या बांगलादेशातील मुन्शीगंज जिल्ह्यातील) सोनादिघी. फेलूदाचे वडील जयकृष्ण मित्र ढाका कॉलेजिएट शाळेत गणित आणि संस्कृत शिकवीत, थोरले काका मैमनसिंहकडच्या एका जमीनदारीत व्यवस्थापक होते आणि पट्टीचे शिकारी होते, आणि फेलूदा नऊ वर्षांचा असताना त्याचे वडील वारले. चाहत्यांचे सगळे तर्क एवढ्याच ऐवजावर उभे आहेत. १९६५ च्या अखेरीस पहिली कथा आली तेव्हा फेलूदा सत्तावीस वर्षांचा होता, म्हणजे त्याचा जन्म १९३८ च्या सुमाराचा आणि वडिलांचा मृत्यू १९४७ च्या आसपासचा धरावा लागतो. रायांनी पुढे त्याचे वय कॅलेंडरप्रमाणे वाढू दिले नाही हे खरे, तरी घर शोधायचे तर पहिल्या कथेचाच आधार घ्यावा लागतो.

आता ते घर. टोंगीबाडी उपजिल्ह्यातील एका गावात, सुपारीच्या झाडांमागे, दोन खांबांच्या ओसरीचे पडके पक्के घर आहे. ओसरीत बियाण्याचे बटाटे पसरलेले होते आणि दोघी बायका विळीवर एकेका बटाट्याचे डोळे राखून तुकडे करत होत्या, कारण हा सगळा मुलूख बटाट्याचा आहे. वाटाड्या जिन्याकडे बोट दाखवून "दादा, फेलूदा इथेच खेळायचा" असे सांगत असताना मी दाराच्या चौकटीवरचा चुन्यातला आकडा पाहत होतो. तो १३५८ होता. बंगाली सनात ५९३ मिळवले की इसवी सन येतो, म्हणजे हे घर १९५१ चे ठरते. तोवर जयकृष्णबाबूंना जाऊन चार वर्षे झाली असणार आणि फेलूदा धाकट्या काकांकडे, तोपशेच्या वडिलांकडे, वाढत असणार. घरातल्या बायकांना फेलूदा कोण हे ठाऊकही नव्हते, आणि या दाखवादाखवीचा एक पैसाही त्यांच्यापर्यंत पोहोचत नाही, हे त्यांनी विचारताच सांगितले. तेव्हा कोणी 'घर दाखवतो' म्हणाले तर सरळ नाही म्हणावे.

रस्त्याविषयी मात्र सविस्तर लिहिणे भाग आहे, कारण त्या रस्त्याने माझा दिवस खाल्ला. ढाक्याहून मुन्शीगंजकडे जाण्याचा, नकाशावर जवळचा दिसणारा मार्ग नारायणगंजच्या बाजूने पंचवटीवरून मुक्तारपूरच्या पुलाकडे जातो. पंचवटी हे नाव ऐकून नाशिककरांना उगीच आपलेपणा वाटेल, पण तिथे गोदावरीही नाही आणि सावलीही नाही. तिथे सिमेंटच्या कारखान्यांचे ट्रक आहेत, रुंदीकरणाचे आणि वरच्या उन्नत रस्त्याचे काम आहे, आणि एकाच अरुंद पट्ट्यातून दोन्ही दिशांनी घुसणारी वाहने आहेत. खिडकी उघडी ठेवली तर पिठाच्या गिरणीतून आल्यासारखे बाहेर पडावे लागते आणि बंद ठेवली तर घुसमट होते. बस हलेना म्हणून खाली उतरून चालणारे लोक आमच्या पुढे निघून गेले. पुढे धलेश्वरीवरचा पूल येतो, नदी रुंद आणि देखणी आहे असे म्हणतात, पण मला त्या वेळी तिच्याकडे पाहण्याचे त्राण नव्हते. संयोजकाने हा मार्ग केवळ इंधन वाचवण्यासाठी निवडला, असे माझे ठाम मत आहे, कारण २०२० मध्ये सुरू झालेला ढाका–मावा द्रुतगती मार्ग उपलब्ध असताना इकडून जाण्याचे दुसरे कारण दिसत नाही. टोल पडला तरी माव्याकडूनच जावे, आणि तिथून लौहजंगवरून पूर्वेला टोंगीबाडी गाठावी. ढाक्यातील गुलिस्तानहून बसने येणाऱ्यांनी बस कोणत्या रस्त्याने जाणार हे तिकिटाआधी विचारून घ्यावे.

सोनादिघी या नावाचे गाव टोंगीबाडीत मला कोणी दाखवू शकले नाही. तर्काला दोन जागा उरतात. एक सोनारंग, जिथे एकोणिसाव्या शतकातील जोडमंदिरे आजही उभी आहेत आणि समोर तळे आहे. दुसरी दिघीरपाड, पद्मा नदीच्या अगदी काठावरचा बाजार. दोन्ही याच उपजिल्ह्यात आहेत, आणि रायांनी या दोन नावांची सांगड घातली असावी असे मला वाटते. त्याला पुरावा नाही, पण शेरलॉक होम्सच्या चाहत्यांनी 'खेड्यातले जमीनदार' एवढ्या उल्लेखावरून त्याचे घराणे यॉर्कशरमध्ये नेऊन बसवले, त्या मानाने हा तर्क फारच सोवळा आहे.

सोनारंग अर्ध्या तासात पाहून होते. दिघीरपाडला मात्र वेळ द्यावा. नदीकाठी वाळूने भरलेल्या जिओबॅगांची रास आहे आणि तिच्या मागे जमीन उभी कापल्यासारखी तुटलेली आहे. एका ठिकाणी विटांचा रस्ता सरळ जाऊन पाण्यावर अधांतरी संपतो. याच पद्मेला बिक्रमपूरकर कीर्तिनाशा म्हणत आले, कारण राजा राजवल्लभाचे राजनगर तिनेच गिळले. तिथे उभे राहिल्यावर मला खात्री पटली की मित्र घराण्याचे घर शोधायचे नाही, ते नदीत गेले आहे, आणि सगळा शिणवटा निघून गेला. कदाचित हे त्या वाऱ्याचे बोलणे असेल, पण मत बदललेले नाही. काठाच्या टोकावर जाऊ नये, खालची माती पोकळ असते. घसरणार नाहीत असे बूट हवेत. चपला घालून येणाऱ्यांनी बाजारातच थांबावे.

आणखी एक गोष्ट चाहते विसरतात. जयकृष्णबाबू ढाक्यात शिक्षक होते, तेव्हा मुंबईत नोकरी आणि गणपतीला कोकण, तसेच त्यांचे ढाक्यात बिऱ्हाड आणि दुर्गापूजेला सोनादिघी असणार. फेलूदाचे बालपण शोधायचे तर ते जुन्या ढाक्यात, सदरघाटाजवळ शोधावे. १८३५ मध्ये स्थापन झालेली कॉलेजिएट शाळा तिथे अजून चालू आहे आणि या सगळ्या प्रकरणातली तेवढीच एक जागा निर्विवाद आहे. शाळेच्या वेळात रखवालदार आत सोडत नाही; हुज्जत घालू नये, तो बरोबर आहे. जगदीशचंद्र बोस यांचे राडीखालचे घर वाटेत पाहिले, ते चांगले आहे.

माव्याच्या घाटावर हिलसा खाल्ल्याशिवाय कोणी परत येत नाही, आणि तिथेच खिसा कापला जातो. मासा तुम्ही निवडता, त्याचा भाव ठरतो, आणि मग तळणावळ, तेल, शेपटीचे भरीत, वांग्याची कापे, भात, प्रत्येकाचे पैसे वेगळे लावले जातात. आमचे बिल ठरलेल्या भावाच्या जवळजवळ दुप्पट झाले. तळून ताटात येईपर्यंतचा एकूण आकडा कढईत मासा पडण्याआधी कागदावर लिहून घ्यावा. लिहून देण्यास जो तयार नाही त्याच्याकडे बसू नये.

कोलकात्याहून येणाऱ्यांनी ढाक्याला येणारी रेल्वेगाडी मैत्री एक्स्प्रेस गृहीत धरू नये, ती २०२४ च्या जुलैत थांबली. व्हिसाची आणि गाडीची स्थिती निघण्याच्या आठवड्यात तपासावी. ज्यांना तर्क नको, खरेखुरे घर हवे, त्यांनी किशोरगंज जिल्ह्यातील मसूया येथे सत्यजित रायांच्या घराण्याचे पडके घर पाहावे. ते पूर्वीच्या मैमनसिंह जिल्ह्यात येते, म्हणजे शिकारी काकांच्या मुलखात. बिक्रमपूर आणि मसूया एका दिवसात उरकून देण्याची हमी संयोजक देतात, ती ऐकून घेऊ नये. मसूयाचा दिवस वेगळा ठेवावा.